दुकान, स्टॉल, बाजार सोडून

माझी आई तीस वर्षं साड्या विकते आणि तिचं दुकान नाही. दादरच्या एका दुकानातून ती दहा-बारा साड्या आणते, लालबाग-परळच्या चाळींतून घरोघर फिरते, विकल्या जातील त्यांवर कमिशन घेते आणि उरलेल्या परत करते. गिऱ्हाईक लगेच हो म्हणत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून साडी घरात ठेवून यायची. मग ती बाई गॅलरीच्या उजेडात पदर खांद्यावर टाकून बघते, सासू बघते, शेजारीण नाक मुरडते, आणि दोन दिवसांनी आई पुन्हा तेवढेच जिने चढून उत्तर घ्यायला जाते. नको म्हणाली तरी आई हसते, घडी घालते आणि पुढच्या दारात उभी राहते. मला हे कधीच जमलं नसतं.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. आमच्या तिसऱ्या माळ्यावरून दिवसाला एकदा उतरायचं आणि एकदा चढायचं, बाकी जिने बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे धंदाच बंद. तेव्हा दादरच्या एका महिला मंडळाचं दिवाळीचं प्रदर्शन आठवलं. तिथे एक स्टॉल मिळाला तर आईनं खुर्चीत बसायचं आणि गिऱ्हाइकानं तिच्याकडे यायचं. दुकानदार माल द्यायला तयार होता. मंडळाची अट एकच, व्यवसायाची सरकारी नोंदणी हवी.

मी मोबाइलवर फॉर्म उघडला आणि माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. धंद्याचा वर्ग निवडा म्हणे! यादी संपता संपेना. 'कमिशन' हा शब्द दिसताच मी घाईघाईने खूण केली, तर तो वर्ग निघाला घाऊक व्यापारातल्या दलालांचा. माझी आई पिशवी उचलते हो, ट्रक नाही! ते खोडून पुन्हा शोधत बसले. दोन दिवसांनी एकदाचा सापडला: दुकान, स्टॉल किंवा बाजार यांबाहेरची इतर किरकोळ विक्री. दारोदार विकणारे आणि कमिशनवर विकणारे त्यातच धरले होते.

इतर! शेळ्या पाळणाऱ्याला त्या यादीत स्वतंत्र ओळ आहे, छत्र्या दुरुस्त करणाऱ्यालाही कुठेतरी असेल. माझ्या आईला मात्र तिच्याकडे काय नाही त्यावरून ओळखायचं. दुकान नाही, स्टॉल नाही, बाजार नाही. या बाईनं किती लग्नांचे बस्ते घरबसल्या पुरे करून दिले, ते लिहायला जागा नाही. वर्ग चुकीचा होता असंही म्हणता येईना, आणि त्याचा तर मला जास्तच राग आला.

नोंदणी झाली, प्रमाणपत्र मी छापून आणलं. आईला तो कागद आवडला. "माझा नाव बरोबर असा ना गो?" एवढंच तिनं विचारलं आणि तो प्लॅस्टिकच्या कव्हरात घातला.

मंडळाच्या कार्यालयात आम्ही दोघी गेलो. नमुने दाखवावे लागतील म्हणून आईनं चार साड्याही घेतल्या होत्या. टेबलामागच्या बाईंनी कागद वाचला आणि भुवई वर केली.

"यात तर स्टॉलबाहेरची विक्री लिहिलंय."

"हो, आजवर तशीच केली. आता स्टॉलवर करायची आहे," मी म्हटलं.

"पण कागदाप्रमाणे तुमचा धंदा स्टॉलचा नाही ना. उद्या कोणी तपासलं तर? नियमात बसत नाही."

"म्हणजे स्टॉल नव्हता म्हणून तसं लिहिलं, आणि तसं लिहिलं म्हणून स्टॉल नाही? ऐकताय का तुम्ही स्वतःचं?" माझा आवाज चढला. बाहेर रांगेतल्या बायका डोकावू लागल्या. आईनं माझा हात दाबला. त्या हाताचाही मला राग आला. तीस वर्षं असाच हात दाबून आई सगळ्यांचं ऐकत आली होती.

बाईंनी कागद बाजूला सारला. त्यांचं लक्ष आता आईच्या पिशवीकडे होतं.

"मावशी, ती जांभळी जरा बघू?"

आईनं साडी काढली. बाईंनी उठून खिडकीच्या उजेडात पदर खांद्यावर टाकला, दोनदा वळून पाहिलं.

"छान आहे हो. असं करा, आज माझ्या घरी ठेवून जा. सासूबाईंना दाखवते. परवा येऊन विचारा. इथे मागच्याच बिल्डिंगमध्ये राहते, चौथा माळा."

मी आईकडे पाहिलं. ती हो म्हणणार याची मला खात्री होती. गिऱ्हाइकाला नाही म्हणताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं साडी परत घेतली, टेबलाच्या कोपऱ्यावर नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मग आपला कागद उचलला.

"सासूबाईंना घेऊन माझ्याकडेच या," ती नेहमीसारखी हसून म्हणाली. "तिसरा माळा. लिफ्ट नाय."