फोटो तोच, कागद वेगळा

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे लिहिणं म्हणजे अर्ज करणं, एवढीच माझी समज. करमाळ्याला असताना अख्ख्या गल्लीचे अर्ज मी लिहिले. रेशनकार्डाचे, रजेचे, एकदा तर म्हशीच्या विम्याचा. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही, पण अक्षराचं फार कौतुक झालं. तरीही हे लिहायचं धाडस करतोय, कारण माझ्या मावसभावाचं अभिनयातलं करिअर मी एका दुपारी, स्टेपलर हातात घेऊन, जवळजवळ संपवलं होतं. दुसऱ्या कोणी ते तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

ही २००५ सालची गोष्ट. मी मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला एम.एस. करत होतो आणि दर शनिवारी बस पकडून शेजारच्या श्रूजबरीला नंदामावशीकडे जेवायला जात होतो. (मी 'भेटायला' म्हणायचो. मावशी दार उघडताच ताट वाढायची, म्हणजे तिला सगळं कळत होतं.) मावशी माझ्या आईची मामेबहीण. तिचे यजमान, म्हणजे काका, पंचवीस वर्षं इंजिनिअर. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा अमेय, अमेरिकेतच जन्मलेला, डॉक्टर होता होता अचानक न्यूयॉर्कला जाऊन नट झाला.

"झाला की डॉक्टर," काका म्हणायचे. "टीव्हीवर. पाठमोरा."

ते खरंच होतं. अमेयने एका मालिकेत पाठमोरा डॉक्टर केला होता. बाकी पाच वर्षांत तो सात वेळा मेला. दोनदा रुग्णालयात, एकदा नदीत, एकदा टॅक्सीत, दोनदा स्वतःच्याच किराणा दुकानात गोळी लागून, आणि एकदा चक्क सिनेमात, बर्फाखाली. त्या सिनेमात त्याचा फक्त उजवा हात दिसतो. मावशीने तो हात थिएटरात ओळखला आणि मोठ्याने "अगंबाई!" म्हणाली. मराठी मंडळात कोणी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर ती म्हणायची, "मीडियात आहे." काका मात्र चहा ढवळत बसायचे, साखर न घालता.

त्या उन्हाळ्यात काकांनी अट घातली. दिवाळीपर्यंत अमेयला बोलता रोल मिळाला पाहिजे. एक वाक्य का असेना! नाहीतर हे सगळं बंद करायचं आणि पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला काकांच्या मित्राच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला लागायचं. अमेय "फाइन" म्हणाला. त्याचं 'फाइन' ऐकून मला माझ्या वडिलांची आठवण झाली. एसटीच्या वर्कशॉपात साहेब ओरडले की तेही असंच मान खाली घालून "बरं" म्हणायचे.

सप्टेंबरमध्ये अमेय दोन दिवसांसाठी घरी आला. एका नव्या विनोदी मालिकेसाठी नटांची निवड करणारं न्यूयॉर्कमधलं ऑफिस पोस्टाने माहिती मागवत होतं. तिकडची पद्धत अशी, की नटाचा मोठा फोटो आणि त्याच्या पाठीला स्टेपल केलेला एक कागद. कागदावर आजवरचे रोल आणि अंगचे गुण. मावशीने तो फोटो पाहिला आणि तिचे डोळे चमकले.

"काय गोड आलाय रे! हाच फोटो आपण टेक्सासला पाठवू."

"टेक्सासला काय आहे?" अमेयने विचारलं.

"अर्विंगच्या देशमुखांची मुलगी."

"आई, नो."

"नो काय नो! नुसता बायोडेटा जातोय, तू नाही जात आहेस. सतीश, तू लिही रे. तुझं अक्षर छान आहे."

हा माझा वीक पॉइंट. मी अमेयचा लग्नाचा बायोडेटा इंग्रजीत लिहिला, तोही टाइप न करता, हाताने. वर्ण गव्हाळ. चष्मा नाही. मंगळ नाही. व्यसन: चहा. स्वभाव: शांत, मोठ्यांना उलट उत्तर देत नाही. (हे मावशीने सांगितलं. अमेय समोरच बसून उलट उत्तर देत होता.) मामा: पुणे, स्वतःचा बंगला. अपेक्षा: मुलगी शिकलेली, माणसांत मिसळणारी, सासूला फोन करणारी.

मग मावशीने बायोडेटाच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. मी दोन्ही कागद दोन फोटोंच्या मागे स्टेपल केले आणि एकसारख्या दोन मोठ्या पाकिटांत घातले. पाकिटं बंद करणार, तेवढ्यात मावशीने ती माझ्या हातातून घेतली आणि देवापुढे ठेवली. दोन्ही! मी पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "काकांना सांगू नकोस. लग्नही व्हावं आणि तो रोलही मिळावा, माझं काय जातंय?"

पूजा झाली. पाकिटं पत्ते घालायला माझ्याकडे आली. उघड्या तोंडातून दोन्हीकडे अमेयचं तेच हसू दिसत होतं. मला पक्कं आठवत होतं, की रोलचं पाकीट डावीकडे आहे. देवाकडे तोंड करून डावीकडे की देवाच्या डावीकडे, एवढाच प्रश्न होता. तो मला आठवड्याने पडला. त्या क्षणी मी आत्मविश्वासाने पत्ते घातले आणि वडील पार्सल बांधतात तशी दोन्ही पाकिटांना चिकटपट्टी गुंडाळली. तीन वेढे. पोस्टातली बाई म्हणाली, "आत काय आहे?" मी म्हणालो, "माझ्या भावाचं भविष्य." ती गंभीर झाली आणि तिने 'वाकवू नये' असा शिक्का मारला.

पुढच्या शनिवारी जेवताना फोन वाजला. काकांनी घेतला. स्पीकर सुरू असल्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं.

"नमस्कार, मी अर्विंगहून देशमुख बोलतोय. तुमच्या चिरंजीवांचा बायोडेटा मिळाला. एक-दोन शंका होत्या."

"विचारा ना."

"इथे लिहिलंय, 'मृतदेह क्रमांक दोन'."

माझा घास थांबला.

"मग 'दुकानदार, गोळी लागते'. पुन्हा 'दुकानदार, पुन्हा गोळी लागते'. 'संशयित, मार खातो'. हे सगळं मुलाचंच का?"

"...मुलाचंच."

"आणि विशेष गुण म्हणून, 'हुकमी रडतो, जिन्यावरून गडगडतो, चार प्रकारे बेशुद्ध पडतो. टक्कल करायला तयार'. अहो, हे कुठल्या मुलीसाठी लिहिलंय?"

मावशीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी टेबलाखाली जावं की दाराबाहेर, याचा अंदाज घेत होतो. काकांचा चेहरा लाल झाला. आता सगळं माझ्यावर येणार, असं मला वाटलं. पण काका फोनकडे झुकले.

"देशमुख, गडगडणं सोपं वाटतं का तुम्हाला? त्याचा खांदा निखळला होता. तरी दुसऱ्या दिवशी हजर!"

"नाही, म्हणजे मी..."

"आणि सात वेळा मेला, पण प्रत्येक वेळी वेगळा मेला! नदीतला पाहा तुम्ही. अंगावर काटा येतो."

मावशीने तोंडातला पदर काढला. काकांनी नदीतला कधी पाहिला? ते तर म्हणायचे, मी असली थेरं बघत नाही!

"आम्ही विचार करून कळवतो," देशमुख म्हणाले. (विचार करून कळवणारी माणसं काय कळवतात, हे मराठी माणसाला सांगायला नको.)

फोन ठेवल्यावर काका भाताकडे बघत म्हणाले, "बेसमेंटमध्ये टेप्स आहेत. सगळ्या. मला ते दुपारी झोप येत नाही ना, म्हणून." मग एकदम वर बघून, "पण मग न्यूयॉर्कला काय गेलं?"

चार डोळे माझ्याकडे वळले.

अमेयला फोन मावशीने केला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "इट्स ओके, सतीश. रिअली." त्या 'रिअली'मुळे मला दोन रात्री झोप आली नाही. दिवाळीला पाच आठवडे उरले होते. दुसरा फोटो पाठवावा तर मुदत संपलेली. शेवटी सोमवारी मी लॅबमधून, हातात चिठ्ठी घेऊन, न्यूयॉर्कच्या त्या ऑफिसला फोन लावला. चिठ्ठीवर पहिलं वाक्य होतं, 'आदरणीय महोदया, सविनय निवेदन की'. त्याचं इंग्रजी मी वर्गात अर्धा तास केलं होतं.

फोन डेबी नावाच्या बाईंनी घेतला. मी अमेयचं नाव सांगताच त्या ओरडल्या, "ओ! तो रक्ताचे डाग असलेला कागद!"

"रक्त नाही, मॅडम. कुंकू. शुभ असतं."

"आणि पिवळं?"

"हळद. तीही शुभ."

"बरं. आणि मंगळ नाही म्हणजे काय? मंगळ ग्रह? तो नाही हे त्याने आम्हाला का कळवलं?"

मी प्रामाणिक माणूस. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, असं शाळेपासून शिकलोय. मी त्यांना मंगळ समजावला. मग बायोडेटा म्हणजे काय ते. मग मावशी, देव, डावी बाजू, देशमुख, जिना, चार प्रकारे बेशुद्ध पडणं, काकांच्या टेप्स, सगळं. पलीकडे हुंदके ऐकू येत होते. मला वाटलं, बाई हळव्या आहेत. त्या कशाबशा म्हणाल्या, "एक मिनिट. मी तुम्हाला स्पीकरवर ठेवते. पुन्हा पहिल्यापासून सांगाल का?"

स्पीकरवर ठेवणं हा मान असतो, असा माझा समज होता. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी करमाळ्यापासून! म्हशीचा विमासुद्धा सोडला नाही. मागे बरीच माणसं खोकत होती. शेवटी मी विनंती केली, "चूक माझी आहे. शिक्षा मला करा, पण माझ्या भावाला एक वाक्य द्या. छोटं चालेल." डेबी म्हणाल्या, "आम्ही विचार करून कळवतो."

मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात बेलव्ह्यूचं हवामान बघितलं.

तीन आठवडे गेले. ऑक्टोबरच्या मध्यावर मावशीने अमेयसाठी गरम जाकीट आणलं, बेलव्ह्यूला पाऊस असतो म्हणून. आणल्यावर मात्र ते पिशवीतून बाहेर काढेना. काका रोज पोस्टाची पेटी दोनदा उघडायचे. एकदा रविवारीसुद्धा उघडली. मी परीक्षेचं कारण सांगून दोन शनिवार टाळले. तोंड दाखवायची लाज वाटत होती. (उपाशीही होतो, पण लाज जास्त होती.)

दिवाळीला मात्र मावशीने दम दिला, "आला नाहीस तर करमाळ्याला फोन करीन." गेलो. दार उघडलं तर आत अमेय, काका, मावशी, सगळे हसत होते, आणि मला पाहून एकदम गप्प झाले. चकलीचं ताट माझ्यापुढे आलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"तू आधी खा," मावशी म्हणाली.

"मावशी, बेलव्ह्यू ठरलं का?"

"बेलव्ह्यू कॅन्सल!" काका टेबलावर थाप मारून म्हणाले. "रोल मिळाला! बोलता! एक वाक्य नाही, दोन अख्खे सीन!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडात चकली होती म्हणून हुंदका आला नाही, ठसका आला. "कधी कळलं?"

"दहा दिवस झाले," अमेय म्हणाला आणि खाली बघू लागला.

"दहा दिवस! आणि मला कोणी सांगितलं नाही?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मावशीनेच, मुलीकडच्यांना नकार कळवावा तशा आवाजात सांगितलं. "अरे, त्या ऑफिसातल्यांनी तुझा फोन मालिकेच्या लेखकांना ऐकवला म्हणे, आठवून आठवून. त्यांनी मग एक नवं पात्र लिहिलं. भारतातून शिकायला आलेला मावसभाऊ. मनाने फार चांगला. पण कागद चुकीच्या पाकिटात घालतो."

"म्हणजे..."

"सॉरी, मॅन," अमेय म्हणाला. "मी तुझाच रोल करतोय."

मी चकली खाली ठेवली. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. आमच्या घराण्यातलं टीव्हीवर जाणारं पहिलं माणूस मीच, भले दुसऱ्याच्या अंगातून का होईना. मी विचारलं, "मग तालीम कशी झाली? जमतोय मी?"

अमेयने काकांकडे पाहिलं. काकांनी चहा ढवळायला घेतला.

"तसं बरं चाललंय," अमेय म्हणाला. "फक्त डायरेक्टर म्हणतो, इतका वेंधळा माणूस खरा वाटत नाही. थोडा कमी कर."