बांधाबाहेरची एल्मीरा

एल्मीरा व्हर्डां हिला पॉइंट रोझो गावात कुणी कधी रडगाणं गाताना ऐकलं नाही. आमच्या खाडीकाठावर माणसाची ही सगळ्यात मोठी तारीफ समजली जाते. वादळ येऊन जातं, छपरं उडतात, होड्या रस्त्यात येऊन पडतात आणि शेजारी शेजाऱ्याला विचारतो, "काय, कसं निभावलं?" उत्तर ठरलेलं असतं, "बरंय की. आमच्यापेक्षा वाईट झालेले लोक आहेत." सांगणाऱ्याच्या घरात अजून गुडघाभर चिखल असला तरी उत्तर बदलत नाही. ते जास्त वाईट झालेले लोक नेमके राहतात कुठे, हे आजवर कुणाला सापडलेलं नाही.

एल्मीराच्या आईची गोष्ट तर गावात कौतुकाने सांगतात. एका मोठ्या वादळानंतर सरकारी माणसं नुकसान विचारत दारात आली. बाईने घरातली एकुलती एक कोरडी खुर्ची पुसून पुढे केली, कॉफी पाजली आणि "आमचं काही फारसं गेलं नाही" म्हणत हसतमुखाने त्यांची बोळवण केली. कोंबड्या, जाळी, शिवणयंत्र, सगळं वाहून गेलं होतं. मदतीतला छदामही त्या घराच्या पदरात पडला नाही. पण मान ताठ राहिली, असं एल्मीरा लहानपणापासून ऐकत आली आणि ते तिच्या हाडीमासी खिळलं.

ती काही गरीब गाय नव्हती. नॉर्बेरशी लग्न झाल्यावर कोळंबीच्या होडीचं सुकाणू तिनेच धरलं, जाळी त्याने सांभाळली. इंजिनच्या वरताण आवाज होता तिचा. खेकड्यांच्या वजनात काटा मारणाऱ्या व्यापाऱ्याला तिने एकदा धक्क्यावरून सरळ पाण्यात ढकललं होतं. पण भांडण वेगळं आणि रडगाणं वेगळं, हा भेद आमच्याकडे पोरांना चालायला लागण्याआधी कळतो.

जमीन त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. खारं पाणी वर वर सरकत आलं, ओकची झाडं उभ्या उभ्या वाळली आणि ज्या कुरणात नॉर्बेरने लहानपणी गायी राखल्या, तिथेच म्हातारपणी तो जाळं टाकू लागला. गावाला येणारा रस्ता एकच. दक्षिणेचा वारा सुटला की भरतीला तो बुडतो. त्याला वादळ लागत नाही, वारा पुरतो. अशाच एका सकाळी नॉर्बेरच्या छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स पाण्याच्या पलीकडच्या टोकाला येऊन थांबली. धाकटा दीर विल्सन याने भावाला होडीत घातलं. एल्मीरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. होडी ॲम्ब्युलन्सपाशी लागली तेव्हा तो गेलेला होता. मातीला आलेल्या प्रत्येकाला तिने सांगितलं की त्याला फार त्रास झाला नाही.

त्यानंतरच्या वसंतात राजधानीत, बॅटन रूजला, विधेयक आलं. समुद्र चढतोय, किनारा खचतोय, म्हणून लांबलचक मातीचा बांध घालायचा होता. बांधाची रेघ नकाशावर पॉइंट रोझोच्या वरूनच, उत्तरेकडूनच, वळून जात होती. जे गाव रेघेच्या आत, त्याचा रस्ता उंच होणार आणि घरं टिकणार. जे बाहेर, ते पाण्याला सोडलं. रेघ आमच्या खाली, समुद्राच्या बाजूने ओढावी अशी दुरुस्ती एका आमदाराने सुचवली होती आणि तिच्यावर विधानसभेच्या समितीपुढे सुनावणी होती. बोलायला एल्मीराने जावं, हे गावाने ठरवलं. तिच्याएवढं तोंड दुसऱ्या कुणाला होतं?

गाडी रोक्सान चालवत होती. ती एल्मीराची धर्मलेक, शाळेत शिक्षिका. आमच्याकडे धर्माच्या आईला नॅनन म्हणतात.

"नॅनन, रस्त्याचं सांग. स्वयंपाकघरात पाणी येतं ते सांग. आणि नॉर्बेरकाकांचं तर सांगच."

"सांगते गं. मला काय तोंड नाही?"

"आहे ना, तेच तर. नको तिथे चालवतेस आणि हवं तिथे मूग गिळून बसतेस."

"धर्माच्या आईला असं बोलतात?"

"बोलतात. तुझ्यासारखी असली की बोलावंच लागतं."

समितीची सगळी सकाळ एका शब्दात गेली. विधेयकात 'हवामान बदल' म्हणायचं की 'बदलती परिस्थिती' म्हणायचं, यावर आमदार घसा कोरडा होईपर्यंत भांडले. एक जण म्हणाले, हवामान आमच्या आजोबांच्या वेळीही बदलत होतं, त्यात नवीन काय? विद्यापीठातल्या बाईंनी नकाशे दाखवले. त्यात पॉइंट रोझोच्या जागी निळा रंग होता. तेवढ्यात सँडविचं आली आणि नकाशांकडचं लक्ष उडालं. मग बांधाचा इंजिनियर उठला. घरं थोडी, बांध लांब, गणित बसत नाही, असं सांगून तो खाली बसला. त्याच्या आवाजात द्वेष नव्हता. तसा तो असता तर एल्मीराला भांडता तरी आलं असतं.

समितीचे अध्यक्ष क्लोव्हिस मार्सेल आपल्याच बाजूचे होते. निवडणुकीत ते एल्मीराच्या टेबलावर बसून खेकड्याचा गंबो, आमच्याकडचा दाट रस्सा, दोनदा वाढून घेऊन जेवले होते. मागच्या वादळानंतर स्वतः बर्फ आणि पिण्याचं पाणी घेऊन आले होते. पाठिंब्याचं हिरवं कार्ड दिलेल्यांमध्ये एल्मीराचं नाव दिसताच त्यांचा चेहरा खुलला. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिस म्हणतात.

"मिस एल्मीरा, तुम्हाला इथे बघून बरं वाटलं. तो गंबो मी अजून विसरलो नाही."

"मग या की परत. भांडं तेच आहे."

खोलीत हशा झाला.

"बरं, सांगा आता. तिकडे खाली सगळे कसे आहात?"

मार्सेल यांनी दार उघडून धरलं होतं. तिने आता मन मोकळं करावं, एवढाच त्यांचा हेतू. पण प्रश्न खाडीकाठचा होता, विचारणारा तिच्या घरी जेवलेला पाहुणा होता आणि भोवती सगळी परकी माणसं होती. एल्मीराच्या तोंडून उत्तर आपसूक निघालं.

"बरे आहोत की. आमच्यापेक्षा वाईट झालेले लोक आहेत."

मार्सेल यांचा हात टेबलावर तसाच थांबला. मागच्या खुर्चीत रोक्सानने डोळे मिटून घेतले. टेबलाच्या टोकाचे आमदार प्रेस्कॉट उत्तरेकडचे, दुरुस्तीच्या विरोधातले. ते घास चघळत पुढे झुकले.

"म्हणजे मॅडम, तुमचं निभतंय?"

"निभतं तर. आजवर कुणापुढे हात पसरला नाही."

"रस्त्यावर कधीमधी पाणी येतं असं ऐकलं."

"येतं. भरती ओसरली की जातं."

"आणि ते जाईपर्यंत काही अडचण?"

एल्मीराला मांडीवरचं ते डोकं आठवलं. मान कशी एका बाजूला कलली होती आणि विल्सन पुढे बघत होडी हाकतच राहिला होता, ते आठवलं. सांगायचं ते जिभेवर आलं होतं. पण त्या चघळत्या तोंडापुढे नॉर्बेरला नेऊन ठेवायचं तिच्या जिवावर आलं. आपल्या मेलेल्या माणसाला पुढे करून भीक मागितल्यासारखं वाटलं तिला.

"होड्या आहेत ना आमच्याकडे," ती म्हणाली.

समोरचा दिवा तांबडा झाला. तिची वेळ संपली होती. रोक्सान उठून बोलायला लागली, पण तिने कार्ड दिलेलं नव्हतं. शिपायाने तिला अदबीने खाली बसवलं.

पुढचं फार लवकर झालं. प्रेस्कॉट म्हणाले, "गावातल्या बाई स्वतः सांगतायत की त्यांचं निभतंय आणि जास्त हाल झालेले लोक दुसरीकडे आहेत. मग आपण त्या लोकांकडे बघू." विरोधातले हात वर झाले. दुरुस्ती पडली. बाजूने वर गेलेला मार्सेल यांचा हात एकटाच बराच वेळ वर राहिला.

बाहेर त्यांनी एल्मीराला गाठलं.

"मी लढणार होतो, मिस एल्मीरा. तुम्ही माझ्या पायाखालची जमीनच काढून घेतलीत."

"मला परत आत न्या. सगळं सांगते. नॉर्बेरचं सांगते."

"आता नाही होत ते. मतदान झालं." त्यांनी तिचा हात हातात घेतला. आणखी काय करावं हे त्यांनाही कळेना.

गाव चर्चच्या दालनात जमून वाट बघत होतं. एल्मीराने आडपडदा ठेवला नाही. रेघ वरच राहिली आणि ती माझ्यामुळे राहिली, असं तिने सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं.

"जाऊ दे गं. तू गेलीस हेच खूप," एक जण म्हणाली.

"आपलं निभेल. याहून वाईट दिवस काढलेत," दुसरा म्हणाला.

विल्सनने तिच्यापुढे कॉफीचा कप ठेवला. "घे. दमली असशील."

ज्या उत्तराने तिने गाव घालवलं, तेच उत्तर गाव तिला प्रेमाने परत देत होतं. कुणीतरी ओरडावं, कप फेकून मारावा, चारचौघांत शिव्या घालाव्यात, असं तिला फार वाटलं. कुणी ते केलं नाही. रोक्सान उन्हाळ्यात वरच्या शहरात राहायला गेली. निघताना तिने नॅननला मिठी मारली आणि शाळेच्या बदलीचं कारण दिलं.

बांध झाला. आमच्या डोक्यावरून झाला. पुढच्या एका वादळात रस्ता गेला आणि रस्त्याबरोबर बहुतेक घरं गेली. जे उरलो ते बांधाच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या ट्रेलरांच्या वसाहतीत येऊन पडलो. तिथून पाणी दिसत नाही. विल्सनचा ट्रेलर एल्मीराच्या ट्रेलरला लागूनच आहे. एके दुपारी तो नेहमीसारखा कॉफीला आला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "काय वहिनी, कसं काय?"

"बरं नाही," एल्मीरा म्हणाली.

विल्सनने चमकून वर पाहिलं.

"काहीच बरं नाही, विल्सन. मला झोप लागत नाही. त्या सकाळी त्याने माझं बोट घट्ट धरलं होतं, आणि ॲम्ब्युलन्स समोर दिसत असताना सोडलं. त्याला फार त्रास झाला. पाणी नसतं तर तो वाचला असता. हातभर पाणी होतं रे रस्त्यावर. हातभर पाण्याने मारला माझा माणूस." ती बोलत राहिली. स्वयंपाकघरातल्या चिखलाचं बोलली, वाळलेल्या ओकचं बोलली, आईच्या शिवणयंत्राचंही बोलली. तिचा आवाज चढत गेला आणि शेजारच्या ट्रेलरांच्या खिडक्या उघडल्या.

विल्सनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कप खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तो वहिनीकडे रोखून बघत होता.

"हे तिथे का नाही बोललीस?" तो म्हणाला.

विल्सनने थोडी वाट पाहिली, मग टोपी उचलली आणि तो आपल्या ट्रेलरकडे निघून गेला.