कराराचे शेवटचे चार महिने

कोणताही कागद हातात पडला की सिस्टर आधी चष्मा पुसत, मग तर्जनी पहिल्या ओळीखाली ठेवत आणि शेवटच्या सहीपर्यंत ती उचलत नसत. वाचून झालं की विचारत, "म्हणजे मी नेमकं काय करायचं?"

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी तेव्हा सेक्रेटरी होतो. माझ्या नोटिशी पूर्ण वाचणारं इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. एकदा मी बोर्डावर लिहिलं, 'टाकी साफ होणार असल्याने उद्या पाणी जपून वापरावे.' संध्याकाळी सिस्टर दारात हजर.

"जपून म्हणजे किती बादल्या?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "ड्यूटीवरून दमून येते हो मी. अंघोळ करायची की नाही, तेवढं सांगा."

दोन बादल्या, मी म्हटलं. त्यांनी दोनच वापरल्या असणार. तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. आपण त्याची थट्टा करतो आणि किल्ली मात्र त्याच्याचकडे ठेवून गावाला जातो.

महापालिकेच्या एका इस्पितळात त्या नर्स होत्या. पन्नाशीच्या, एकट्या. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत. इमारतीत कुणाला इंजेक्शन घ्यायचं असलं की त्यांना हाक जायची, आणि चहाखेरीज त्या काही घेत नसत. चहासुद्धा अर्धाच. मूळच्या वाशीमकडच्या. तीस वर्षं मुंबईत काढून बोलणं आमच्यासारखंच झालं होतं, पण मनाला काही लागलं की वऱ्हाडी शब्द वर यायचा.

ऐंशीनंतरचे ते दिवस. भाडेकरू कायमचा चिकटेल या धास्तीनं मालक अकरा महिन्यांचाच करार करत. सिस्टरांचा करार जूनअखेर संपणार होता. फेब्रुवारीत भाच्याचं पत्र आलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला अर्धांगवायू झाला होता. आई लवकर गेल्यावर याच बहिणीनं, दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करून, सिस्टरांना नर्सिंगपर्यंत शिकवलं होतं. त्या तिला 'बाई' म्हणत. पत्रात लिहिलं होतं, बाईची उजवी बाजू गेली आहे, जीभ जड झाली आहे, पण दिवसातून दहादा विचारते, धाकली कधी येते?

सिस्टर आठ दिवस रजेवर जाऊन आल्या आणि ठरवूनच आल्या. नोकरी सोडायची, जागा सोडायची, बाईपाशी जाऊन राहायचं.

अडचण कराराची होती. मुदतीआधी जागा सोडली तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं, नाहीतर अनामत बुडणार. गावाकडची सगळी भिस्त त्या अनामतीवर. भाडं भरत राहायचं तर नोकरी हवी, आणि नोकरी असेतो बाईकडे जाता येईना. मालकाच्या संमतीनं दुसरा भाडेकरू देऊन मोकळं होता येईल, एवढी एक सवलत करारात होती. सिस्टरांनी इस्पितळातल्याच एका कंपाउंडरचं कुटुंब तयार केलं आणि त्यांना घेऊन त्या घाटकोपरला मालकाकडे गेल्या. त्यानं नकार दिला. "नव्या माणसाची कटकट नको. करार म्हणजे करार, सिस्टर."

नकाराचं खरं कारण मला माहीत होतं. मार्चच्या पहिल्याच आठवड्यात मालक माझ्याकडे येऊन गेला होता. जागा त्यानं विकली होती. खरेदीदाराशी कागद झाले होते, शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर करण्याचा अर्ज माझ्या टेबलाच्या खणात होता. ताबा जूनअखेर द्यायचा ठरला होता, आणि नवं कुटुंब शिरलं तर ते तेव्हा हलेलच याचा भरवसा नव्हता. तोवर भाडंही मिळत राहील, रिकाम्या घरात कुणी घुसणारही नाही, असा मालकाचा हिशेब.

"सिस्टरला कळू देऊ नका," तो म्हणाला. "विकली म्हटलं की भाडेकरू फतकल मारून बसतात. आणि हो, तुमच्या पंपाचा खर्च माझ्याकडे लागला."

सोसायटीचा पाण्याचा पंप दर महिन्याला बिघडत होता. लोक माझ्या नावानं खडे फोडत होते. मी मान डोलावली.

घाटकोपरहून परतल्यावर सिस्टर सरळ आमच्याकडे आल्या. करार माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही सेक्रेटरी. तुम्हाला यातलं कळतं. सुटायची काही वाट आहे का?"

मी कागद वाचल्यासारखं केलं. त्यांच्यासारखंच बोट फिरवत. मग म्हणालो, "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. काढा कसेतरी."

माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती तडकून म्हणाली, "अहो सिस्टर, कुलूप लावा आणि चालू पडा. भाडं दिलं नाही तर काय करणार आहे तो? अनामतीसाठी भांडू नंतर."

सिस्टरांनी कागदाची घडी घातली. "वहिनी, या जागेआधी मी नऊ जागा पाहिल्या. आडनाव विचारायचे आणि मग म्हणायचे, कालच दिली हो. या माणसानं विचारलं नाही. आता मी मध्येच सोडून गेले तर तो म्हणेल, यांचं हे असंच. माझ्यामागून आमच्यातली एखादी जागा मागायला येईल, तिला दार उघडणार नाही कुणी."

त्या क्षणी खण उघडून अर्ज त्यांच्यापुढे ठेवायला हवा होता. मी चहा ठेवायला सांगितलं.

पुढे पत्रं येत राहिली. एप्रिलमध्ये सिस्टर चार दिवस जाऊन आल्या, मग रजा संपली. मेमध्ये भाच्यानं लिहिलं, बाई आता नुसती दाराकडे बघते. जिन्यात भेटल्या की मी पाण्याचं काहीतरी बोलायचो आणि खाली उतरायचो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तार आली. सिस्टर ड्यूटीवर होत्या, म्हणून तारवाल्यानं ती माझ्याकडे दिली. संध्याकाळी मी वर गेलो. त्यांनी चष्मा पुसला नाही, बोट ठेवलं नाही. तार हातात घेतली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या.

दिवसकार्य उरकून त्या महिनाअखेरीला परत आल्या. ताबा स्वतः द्यायचा होता ना. घर त्यांनी असं लख्ख केलं होतं की खिडकीच्या गजांवरसुद्धा धूळ नव्हती. मालक आला, भिंती पाहिल्या, अनामत मोजून दिली, किल्ल्या घेतल्या आणि लगेच पाठीमागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाच्या हातात दिल्या. तेव्हा कुठे सिस्टरांना कळलं.

तो खरेदीदार साधा माणूस होता. मालाडला एका खोलीत सहा जण राहत होते. उत्साहानं म्हणाला, "बाई, तुम्ही आधी सोडली असती तर फार बरं झालं असतं. मी मार्चपासून मागं लागलोय यांच्या, लवकर ताबा द्या म्हणून. हे म्हणायचे, भाडेकरू जायला तयार नाही."

मालक किल्ल्यांचं काहीतरी बोलू लागला. सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मार्चपासून," मी म्हणालो.

त्या रागावतील, निदान दोन शब्द बोलतील, असं वाटलं होतं. बोलल्या असत्या तर आज हे लिहायला बसलो नसतो. त्या अगदी हळू, मला म्हणून नाही, स्वतःशीच म्हणाल्या, "मार्चात बोलत होती नं माही बाई."

खाली रिक्षा उभी होती. मी ट्रंकेला हात लावायला वाकलो.

"राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि तीन मजले ती ट्रंक एकट्यानं उतरवत गेल्या. प्रत्येक वळणावर टेकवत, दम घेत, पुन्हा उचलत. मी वरच्या कठड्याला धरून, शेवटच्या पायरीपर्यंत तो आवाज ऐकत राहिलो.