गोडाऊनमागचं हिरवं पाणी

मायक्रोबायोलॉजीची पदवी घेऊन मी पूर्ण्याच्या एका गोडाऊनमध्ये खोक्यांवरच्या एक्स्पायरी डेट तपासत होते. माझे वडील वायरमन. ते शेजाऱ्यांना सांगायचे, मुलगी क्वालिटीत आहे. त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या शिफ्टमध्ये बिस्किटांची मुदत संपली की नाही हे ठरवायचा अधिकार फक्त मला होता.

गोडाऊन ज्यांच्या जमिनीवर उभं होतं त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथे भात व्हायचा. आता त्या जागेवर पत्र्याची छपरं होती आणि दिवसभर कंटेनर मागे-पुढे होत असायचे. दादांकडे बंगला होता, गाडी होती, गावात मान होता. पण मागच्या वर्षी त्यांच्या व्याह्यांना प्रगतिशील शेतकरी म्हणून पुरस्कार मिळाला आणि फेटा बांधलेला त्यांचा फोटो नाक्यावर महिनाभर झळकला. तेव्हापासून दादांना आपण शेतकरी असल्याची आठवण रोज येऊ लागली.

त्यांनी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. शेतातल्या टाकाऊ मालाचा अर्क पाण्यात घातला की सूक्ष्म शेवाळ जोमानं वाढतं, आणि ते कोंबड्यांच्या, माशांच्या खाद्यात घालता येतं. त्यांनी सुपरवायझरला विचारलं, जंतूंचं शिकलेलं कुणी आहे का. सुपरवायझरनं माझ्याकडे बोट दाखवलं. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला की हे सगळं पुरस्कारासाठी चाललंय हे ऐकूनही तो कमी झाला नाही.

गोडाऊनच्या मागे एक चिंचोळी पट्टी उरली होती. तिथे सिमेंटची टाकी बांधली. शेवाळाचं बीज मी कॉलेजातल्या जुन्या मॅडमकडून बाटलीत आणलं. अडलं ते टाकाऊ मालापाशी, कारण त्यासाठी आधी शेत लागतं. दादांच्या गाडीतून आम्ही काल्हेरपर्यंत फिरलो. पुठ्ठा, थर्माकोल, प्लास्टिकच्या पट्ट्या, लूमवरचा सुताचा गुंता, हवा तेवढा कचरा होता. पेंढ्याची काडी मात्र कुठे दिसेना. शेवटी वाडा तालुक्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून टेम्पोभर पेंढा मागवला.

तो टेम्पो गेटवर अडला. सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, माल काय. मी सांगितलं, शेतातला कचरा. त्यानं रजिस्टर दोनदा उलटंसुलटं चाळलं आणि मला शांतपणे समजावलं, "मॅडम, कचरा बाहर जाता है, अंदर नहीं आता." आत येणाऱ्या कचऱ्यासाठी त्याच्याकडे रकानाच नव्हता. मागे कंटेनरांची रांग लागली. दादा स्वतः येऊन सांगून गेले की जमीन त्यांची आहे, पण रजिस्टर कंपनीचं होतं. अखेर पेंढा पॅकिंग मटेरियल म्हणून नोंदला गेला आणि आत आला.

पेंढा उकळून गाळला की चहासारखं पाणी निघतं. त्यातली काही द्रव्यं अगदी थोडी असली तर शेवाळ फोफावतं. तीच जास्त झाली तर त्यांनीच ते मरतं. किती म्हणजे थोडं, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. दादांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, मला लोणच्याच्या रिकाम्या बरण्या दिल्या. एकीत अर्क घातलाच नाही, दुसरीत एक चमचा, तिसरीत दोन, असं करत गेले. वहिनी दुपारी जेवण आटोपून यायच्या आणि बरण्या उन्हासमोर धरून बघायच्या. आठवड्याभरात दोन चमच्यांची बरणी पोपटी झाली. साधी बरणी तिच्यापुढे फिकी दिसत होती, आणि जास्त चमच्यांच्या बरण्या मेल्या होत्या. कॉलेज सुटल्यानंतर पहिल्यांदाच मी वहीत काहीतरी स्वतःचं लिहिलं.

दादांनी बरण्या पाहिल्या, वही पाहिली आणि मान हलवली. "पोरी, शेतकरी चमच्यानं मोजत न्हाय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असताना त्यांनी अर्काचे दोन ड्रम बीज सोडलेल्या टाकीत ओतले.

तिसऱ्या दिवशी टाकी तपकिरी झाली. वास माल चढवायच्या फलाटापर्यंत पोचला. दादांनी पुरस्कारासाठी अर्ज केला होता आणि त्याची समिती सोमवारी टाकी बघायला येणार होती. मी म्हटलं, आपण बरण्या दाखवू, सगळं खरं सांगू, टाकी पुन्हा भरू. दादांनी ऐकून घेतलं. मग डाइंगवाल्या एका मित्राला फोन लावला. रविवारी टाकी उपसून नळाच्या पाण्यानं भरली गेली आणि त्यात कापडाचा हिरवा रंग पडला. इतकं हिरवं शेवाळ मी पुस्तकातसुद्धा पाहिलं नव्हतं.

समितीत तीन साहेब होते. त्यांनी नारळ फोडला, टाकीभोवती फेरी मारली, फोटो काढले. बरण्यांकडे बघून एकानं विचारलं, लोणचं का. मोठ्या साहेबांनी टाकीत वाकून बराच वेळ पाहिलं आणि मग ते माझ्याकडे वळले. एवढं गडद कसं आणलंत, असं त्यांनी खरंच कौतुकानं विचारलं. दादा माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "साहेब, तो रंग आहे."

"रंगच तर बघतोय," साहेब म्हणाले. "असा रंग कुठेच आला नाही."

मला पुन्हा, नीट, समजेल असं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. माझी नोकरी त्याच छपराखाली होती, एवढंच कारण. त्या दिवशी मी घरी नीट जेवले नाही, आणि वडिलांनी विचारलं तेव्हा डोकं दुखतंय असं सांगितलं.

दादांना पुरस्कार मिळाला. फेटा बांधलेला फोटो नाक्यावर लागला, व्याह्यांच्या फोटोपेक्षा हातभर मोठा. मग बघायला माणसं येऊ लागली, आणि टाकीचा रंग फिकट झाला की दादा मित्राला फोन करत.

एके दिवशी शहापूरकडून बचत गटाची एक बाई आली. दोन बस बदलून आली होती, पिशवीत पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. गटाच्या कोंबड्यांसाठी तिला बीज हवं होतं. दादांनी मोठ्या मनानं दोन्ही बाटल्या टाकीत बुडवून भरून दिल्या. बाईनं त्या पदरानं पुसल्या. मला ते बघवेना. मागोमाग वहिनी आल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुजं बरनीतलं तरी खरं हाय ना?"

मी हो म्हटलं. वहिनींनी बाईला चहाला म्हणून घरात नेलं. तेवढ्यात मी बाटल्या ओतून दिल्या, विसळल्या आणि पोपटी बरणीतून भरल्या. निघताना बाई म्हणाली, हे जरा फिकं दिसतंय. मी तिला सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. पेंढा किती, पाणी किती, एवढंच विचारून तिनं फोनमध्ये बोलून ठेवलं.

दिवाळीनंतर दादांनी ती पट्टीही भाड्यानं दिली. टाकी फोडून तिथे ट्रक उभे राहू लागले. बरण्या वहिनींनी आपल्या गच्चीवर नेल्या. कुठली पिवळी पडली की त्या मला फोन करतात आणि मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बघते.

मध्यंतरी ती शहापूरची बाई परत आली. तिच्याकडे शेवाळ उत्तम वाढलं होतं, आमच्यापेक्षा बरं, कारण पेंढा तिच्या दारात होता. पण गटाला योजनेसाठी प्रशिक्षणाचा दाखला लागत होता, आणि कार्यालयाला तो पुरस्कारप्राप्त शेतकऱ्याकडूनच हवा होता. दाखला मी टाइप केला. त्यात अर्क कसा काढायचा, किती घालायचा, जास्त घातला तर काय होतं, सगळं लिहिलं. दादांनी न वाचता सही केली आणि शिक्का मारला.