पलीकडच्या काठाशी बोलणाऱ्या अक्का

अक्का बोलत नसत. भडगावात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेले, तेव्हा पहिला आठवडाभर मला वाटत होतं की मी त्यांना आवडलेली नाही. चहा आणून ठेवत, दारात क्षणभर उभ्या राहत, मी काही विचारलं तर मान हलवत आणि पदर सावरून खाली जात. मी शिकवायची त्या कॉलेजातल्या एक बाई त्याच गल्लीतल्या. त्या हसून म्हणाल्या, "अगं, त्या घरात बोलायचं खातं आबांकडे आहे."

ते खरंच होतं. आबा म्हणजे अक्कांचे यजमान. जयंतीच्या आधी विहारात गाण्यांची तालीम चालायची. पेटीवर कोणीही बसो, गाणार आबाच. लग्नात माईक त्यांच्या हातात. भाजीवाल्याशी घासाघीस तेच करत, सुरतेच्या मुलाशी फोनवरही तेच बोलत आणि ठेवता ठेवता सांगत, "तुनी माय बरी शे." अक्का शेजारी बसून शेंगा सोलत असत. मी एकदा विचारलं, "अक्का, तुम्हाला नाही वाटत बोलावंसं मुलाशी?"

"त्या बोलतस ना," अक्का आबांकडे बघून म्हणाल्या. "मी आयकस."

मग आबांचा आवाज बसला. सुरुवातीला सगळ्यांनी तालमीवर ढकललं, मग थंडीवर. धुळ्याला दाखवलं तेव्हा कळलं की तंबाखूने घशात घर केलंय. ऑपरेशन करून डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आबा वाचले. श्वास घ्यायला गळ्याशी एक छिद्र राहिलं. आबांना लिहिता येत होतं, पण अक्का शाळेत गेलेल्या नव्हत्या. आबा पाटीवर लिहीत, ती पाटी घेऊन अक्का वॉर्डातल्या कोणाकडून तरी वाचून घेत. पाण्याच्या भांड्यासाठीसुद्धा तिसरा माणूस लागे. नवऱ्याबायकोत तिसरा माणूस किती जागा खातो, हे मी रविवारी डबा घेऊन जायची तेव्हा पाहत होते.

त्या दवाखान्याच्या फाटकावर एक वॉचमन होता. त्याच्या हातात वॉकीटॉकी असे. अक्का व्हरांड्यात बसून त्याच्याकडे तासन्‌तास बघत. एका रविवारी मी पोहोचले तर त्या त्याच्यापाशी उभ्या. अक्का स्वतःहून परक्या माणसाशी बोलत आहेत हे दृश्यच नवं होतं.

"तुम्ही बोलनात नही, नुसतं बटन दाबं. मंग त्याले कसं समजनं?" त्या विचारत होत्या.

"मावशी, दोनदा दाबलं की तिकडचा समजतो, अँब्युलन्स आली, मागचं गेट उघडायचं," तो म्हणाला. "आमचं ठरलेलं आहे."

अक्का परत येऊन पायरीवर बसल्या. तिथूनही त्यांची नजर त्या बटणावरच होती.

घरी आल्यावर आबांना गल्ली नकोशी झाली. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी मोठ्याने बोलायचा, जणू कानच गेले आहेत. ते पूर्वीसारखे शेतावर जाऊ लागले. शेत गिरणेच्या पलीकडच्या काठाला, लिंबाची बाग, थोडा मका आणि नदीत बसवलेली पाण्याची मोटर. फरशी पुलावरून पायी जाता येई. पण काठ उंच आणि बाग खाली, त्यामुळे तिथे मोबाईलला रेंज येत नाही. पूर्वी आबांनी हाक मारली तर शेजारच्या शेतात जाई. आता साप निघाला किंवा पाय घसरला तर ते कोणाला सांगणार? दुपार झाली की अक्का गच्चीवर जाऊन पलीकडे बघत उभ्या राहत. चुलीवर भाजी करपायची.

"पोरी," एक दिवस त्या मला म्हणाल्या, "दवाखानाना वॉचमनजोडे व्हतं, तसं माले आणी दे."

जळगावच्या दुकानदाराने समजावलं की वॉचमनकडचे सेट परवान्यावर चालतात. ज्यांना परवाना लागत नाही असे कमी ताकदीचेही मिळतात, नदीच्या अलीकडून पलीकडे बोलायला ते पुरतील. मी जोडी घेऊन आले. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आम्ही ती मांडली. माहितीपत्रक इंग्रजीत होतं. मी वाचून सांगत होते, अक्का हातांनी करत होत्या. आधी दोन्ही सेट रात्रभर चार्जिंगला. मग दोन्हीवर एकच चॅनल, नाहीतर एक हाक मारील आणि दुसरा मुकाच राहील. त्याखाली एक कोड असतो, तोही दोन्हीकडे सारखा, म्हणजे दुसऱ्या कोणाची बडबड मध्ये येत नाही. सेट तोंडापासून चार बोटं लांब धरायचा. बटण दाबून क्षणभर थांबायचं आणि मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. बोलणं झालं की बटण सोडायचं. सोडलं की दुसरीकडे 'पी' वाजतं.

हे सोडणंच अक्कांना जमेना. आबा अंगणात, अक्का स्वयंपाकघरात. अक्का "आयकू येस का?" म्हणायच्या आणि बटण घट्ट धरून उत्तराची वाट बघायच्या. बटण दाबलेलं असताना पलीकडचं काही ऐकू येत नाही. जन्मभर न बोललेली बाई आता समोरच्याला बोलू देत नव्हती. खिडकीतून मला आबा दिसत होते. गळ्यावर रुमाल धरून ते हसत होते, आवाजाशिवाय, खांदे हलवून.

ठरलं असं, की एक 'पी' म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. पहिल्या दिवशी अक्का गच्चीवर गेल्या आणि विचारलं, "काय करी राह्यनात?" पलीकडे शांतता. आबांनी काय उत्तर द्यावं? मग अक्कांच्या लक्षात आलं. काय, कुठे, कधी, हे शब्द त्यांनी सोडून दिले. "बागले पानी देवाई राह्यनं का?" पी. "भाकर खादी का?" पी, पी. "भाजी खारट व्हयनी का?" जरा वेळाने, पी. काही दिवसांत त्या असे प्रश्न काढू लागल्या की दोन-तीन 'पीं'त आबांची अख्खी दुपार कळावी. मला नवल वाटे. मी विचारलं, "अक्का, तुम्हाला नेमकं कसं सुचतं?"

"आधी त्यासना मनमा जानं पडस," त्या म्हणाल्या. "मंग इचारता येस."

भाद्रपदातली एक दुपार मात्र मला अजून जशीच्या तशी दिसते. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. नगरपालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत फिरत होती की नदीकाठी कोणी थांबू नये, फरशी ओलांडू नये. अक्का गच्चीवर धावल्या, मी मागोमाग. "आयकू येस का?" काही नाही. "आहो, आयकू येस का?" काही नाही. सहा-सात हाका झाल्या तेव्हा 'पी' आलं.

"मोटर काढाले उतरनात का?"

पी.

"पानी सोडेल शे. मोटर राहू द्या. वर निंघा."

पी, पी.

अक्का कठड्याशी सरकल्या. "संगे कोनी शे का?"

पी, पी.

नदीचा रंग आमच्या डोळ्यांदेखत बदलत होता. अक्कांनी बटण दाबलं आणि अगदी सावकाश म्हणाल्या, "मंग मी येस. फरशीवरतून येस." बटण सोडलं, सेट माझ्या हातात दिला आणि जिना उतरू लागल्या. ती धमकी नव्हती. त्यांच्या एका पायात चप्पलही आली होती. मी त्यांचा दंड धरला. एवढ्यात माझ्या हातातला सेट वाजू लागला. पी, पी. पी, पी. पी, पी. थांबेचना.

अक्कांनी तो माझ्याकडून घेतला. "मंग वर जातस का?"

पी.

"टेकडीवरना घरमा जा. पोचनात का सांगा."

शेतशेजाऱ्याचं घर टेकडीवर होतं. आबा तिथे पोहोचल्याचं 'पी' आलं, त्यानंतर थोड्याच वेळात फरशी पाण्याखाली दिसेनाशी झाली. मोटर गेली. अक्का गच्चीवरच बसून राहिल्या. मी चहा आणला तो त्यांनी घेतला. संध्याकाळ होत आली तरी पाणी उतरत नव्हतं, आबांना तिकडेच राहावं लागणार होतं. अक्का विचारत होत्या: जेवलात का, गोळी घेतली का, अंथरायला मिळालं का. मग प्रश्न संपले. मी उठू लागले तर त्यांनी हाताने बस म्हणून खुणावलं. बहुधा एकटीने विचारायचं धाडस होत नव्हतं.

"माले पाहाले उनतात, तवय तुम्ही गानं म्हनं व्हतं," त्या सेटमध्ये म्हणाल्या. "ते मनाकरता व्हतं का?" माझ्याकरता होतं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

अक्कांनी सेट कानाशी धरला. मग एकदाच, पी.

अक्कांनी सेट मांडीवर ठेवला. "इतलं सालमा इचारं नही मी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. जरा वेळाने त्यांनी बटण दाबलं आणि आबांना सेट बंद करायला सांगितलं, सकाळपर्यंत बॅटरी पुरायला हवी म्हणून.

त्यानंतर आबा फार वर्षं जगले नाहीत. गेले ते घरीच, अक्कांचा हात हातात असताना. तोवर माझं लग्न होऊन मुलगा झाला होता आणि बदलीही जळगावला झाली होती. अक्कांना मुलीने नशिराबादला आपल्याकडे नेलं. सेटची जोडी त्यांनी टेकडीवरच्या शेजाऱ्याला देऊन टाकली. त्याच्या शेतात अजून रेंज येत नाही म्हणे. नशिराबाद मला जवळ. महिन्यातून एखाद्या शनिवारी मी जायची. पहिल्या भेटीत सवयीने मी त्यांच्या प्रश्नांना तुटक उत्तरं दिली. कॉलेज बरं आहे, हो. मुलगा शाळेत जातो, हो.

अक्कांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हो-नही खूप आयकं मी. आते बठ्ठं सांग."

म्हणून मी सगळं सांगू लागले. मुलाने शाळेत कोणाला चावलं ते, नव्या प्राचार्यांचा स्वभाव, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईची कर्मकथा. अक्का डोळे मिटून ऐकायच्या. मी एखादी गोष्ट आवरती घेतली की डोळे उघडून म्हणायच्या, "मंग?" त्या 'मंग'साठी मी महिनाभर गोष्टी जमवत असे. साध्याशा दिवसालाही त्यांच्यामुळे काही तरी सांगण्याजोगं सापडायचं.

मागच्या थंडीत अक्का गेल्या. मुलीचा फोन आला, मी जाऊन आले, आणि आयुष्य पुढे सुरू झालं. परवा आमच्या स्टाफरूममध्ये माकड शिरलं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर ऐटीत बसून त्याने एका सरांचा डबा संपवला, आणि सर शेवटपर्यंत त्याला "अहो" म्हणत राहिले. घरी येताना रिक्षात मी ते मनाशी नीट लावत होते, सुरुवात कुठून करायची, सरांचा आवाज कसा काढायचा. नशिराबादची बस कुठल्या वेळेला सुटते हेही आठवून झालं. मग घराचं वळण आलं. रिक्षावाल्याने विचारलं, "ताई, इथेच ना?" आणि मी नुसती मान हलवली.