एक ढगोबा, तीन घोडे

सात वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं, की तुझा जिवलग मित्र हा एक घोडा नसून तीन घोडे आहेत?

या प्रश्नाने अख्खा मे महिना माझी झोप उडवली होती. एरवीही मी काही शांत झोपणारी बाई नाही. गॅस बंद केला का, सईला कॅल्शियम कमी पडतंय का, आपण तिला फार ओरडतो का, की अजिबातच ओरडत नाही, हा माझा नेहमीचा खुराक. पण त्यात घोडे कधी नव्हते!

आता शूटिंग संपलं, शाळा सुरू झाली, तरी किस्से काही संपत नाहीत. भाजी आणायला खाली उतरले की कुणीतरी गाठतंच, "ए, तो वरातीचा सांग ना!" एक सांगायला घेतला की त्याची शेपटी धरून दुसरा येतो. म्हटलं, एकदाचे लिहूनच काढावेत.

*

सुरुवात झाली ती सईच्या नाट्यशिबिरात. तिथे ती झाड झाली होती. बाकीची झाडं डोलत होती, फांद्या हलवत होती, एक झाड तर आईला टाटा करत होतं. आमचं झाड ढिम्म.

बघायला आलेले देवदत्तसर उडालेच! "हीच! मला अशीच मुलगी हवी. घोड्याशेजारी वीस मिनिटं न हलता उभी राहणारी!"

ते लहान मुलांचा सिनेमा काढत होते. गावातली एकटी मुलगी आणि रानात सापडलेला घोडा, त्यांची दोस्ती. घोड्याचं नाव ढगोबा.

मी प्रामाणिकपणे म्हटलं, "सर, ती शांत वगैरे नाहीये. घाबरून थिजलीय."

"असू दे मॅडम. फक्त तिला हे सांगू नका!"

घरी सासूबाई कडाडल्या, "माझ्या नातीक घोड्यार बसयतास? पडला मगे?" मला बरं वाटलं, निदान कुणीतरी माझ्याइतकं घाबरलंय! पण संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रीमियरला नेसायची साडी कपाटातून काढून पलंगावर पसरली होती. मी अजून हो म्हणायची होते.

*

आरेच्या जंगलात शूटिंगचा पहिला दिवस. मी एक मोठी बॅग भरून नेली होती. त्यात बँडेज, ॲलर्जीचं औषध, ओआरएस, सायकलचं हेल्मेट आणि दोन छत्र्या. प्रॉडक्शन बघणारे सावंतकाका बॅगेकडे बघून म्हणाले, "ताई, आपण संध्याकाळी घरी जाणार आहोत हां."

आणि तिथे झाडाखाली तीन ढगोबा! तिन्ही तपकिरी, तिन्ही एकाच उंचीचे. राणी नावाची शांत घोडी क्लोजअपसाठी. टायगर धावण्यासाठी. आणि सुलतान मागच्या दोन पायांवर उभं राहण्यासाठी. ढगोबा हा पुरुष असल्यामुळे राणी फ्रेममध्ये आली की कॅमेरामन असिस्टंटला ओरडायचा, "वरचंच घे रे, वरचंच!"

देवदत्तसरांनी मला बाजूला घेतलं. "सईला यातलं काही कळता कामा नये. तिच्यासाठी ढगोबा एकच. तिच्या डोळ्यांत जो विश्वास आहे ना, तो गेला की पिक्चर गेला!"

मी मान डोलावली. आधी मान डोलवायची आणि मग विचार करत बसायचं, ही माझी पद्धत. तोपर्यंत सईशी कधी खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. इंजेक्शनच्या वेळीसुद्धा "दुखणार" असंच सांगितलं होतं. आणि आता रोज, दिवसातून दहादा, तोंडावर खोटं! कधीतरी कळणारच. मग ती माझं कुठलंही बोलणं खरं का मानेल?

*

ढगोबाच्या कपाळावर पांढरा चट्टा होता. म्हणजे खरा कुणाच्याच नव्हता, तो मेकअपवाले विलासदादा रोज सकाळी रंगवायचे. उन्हात घाम आला की चट्टा नाकापर्यंत ओघळायचा. मग "कट!", आणि विलासदादा ब्रश घेऊन धावत.

सिनेमात सईची आई झालेल्या बाई एकदा वैतागल्या. "दादा, पाऊण तास झाला मी बसलेय. माझ्याआधी घोडे?"

विलासदादा ब्रश पुसत म्हणाले, "मॅडम, तुमचा मेकअप तुमच्या शेजारची चाटून टाकत नाही!"

*

घोडा बदलायची वेळ आली की सईला तिथून हलवायचं, ही माझी ड्यूटी. दरवेळी नवीन कारण कुठून आणणार? मी आपली तिचा हात धरायचे, "चल, शू करून येऊ." बिचारी निमूट यायची. दिवसातून आठ-नऊ वेळा!

चौथ्या दिवशी सावंतकाकांनी मला हळूच गाठलं. आवाज अगदी खाली. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या ओळखीत एक चांगले डॉक्टर आहेत. लहान मुलांची लघवी वगैरे..."

मी नंबर लिहून घेतला.

*

आता वरातीचा.

ताटातुटीचा सीन. सईने ढगोबाच्या गळ्यात पडून रडायचंय. राणी उभी. सगळे चिडीचूप. सईचे डोळे भरून आले, माझेही आले, आणि तेवढ्यात पलीकडच्या पाड्यात हळदीचा बँड सुरू झाला!

राणीने कान टवकारले. पुढचा उजवा पाय उचलला. मग डावा. मान डावीकडे, मान उजवीकडे. आणि बघता बघता राणी ठुमकायला लागली! सईचं रडणं कुठल्या कुठे, ती पोट धरून हसतेय!

"उस्मानचाचा! थांबवा तिला!" देवदत्तसर ओरडले.

उस्मानचाचा घोड्यांचे मालक. त्यांची छाती मात्र अभिमानाने फुगलेली. "साब, पाच साल वाकोला में बारात की है इसने. जब तक दूल्हा उतरेगा नहीं, तब तक ये रुकेगी नहीं!"

बँड थांबला तरी बाईसाहेब थांबायला तयार नाहीत. शेवटी सावंतकाकांना नवरा केलं. पन्नाशी उलटलेले, दोन पोरी कॉलेजात. डोक्याला टॉवेल गुंडाळला, चौघांनी उचलून वर बसवलं, विलासदादांनी घाईघाईत कुंकवाचा टिळाही लावला. पाच पावलं वरात चालली. मग नवरदेव धाप टाकत उतरले.

राणी खाडकन थांबली!

सावंतकाकांनी टॉवेल सोडला, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हिडिओ काढला असेल तर माझ्या बायकोच्या नंबरवर पाठवू नका. तिला वाटेल, मी खूश होतो."

*

मला सर्वात जास्त भीती होती ती नवऱ्याची. त्याच्या पोटात काही राहत नाही. तो रविवारी सेटवर आला, आणि आल्या आल्या, "वा! काय तब्येत आहे यार तिघांची!"

"कोण तिघं, बाबा?" सई मागेच उभी.

मी डोळे मोठे केले. त्याने घाईघाईत मनगटाकडे बघितलं. "तीन... तीन वाजले ना गं? जेवायचं नाही का?"

सकाळचे साडेदहा वाजले होते. सईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, मग त्याचा हात धरून म्हणाली, "चला बाबा, सावलीत बसा तुम्ही."

*

शेवटचा दिवस. पॅकअप झालं, टाळ्या वाजल्या, केक कापला. आणि मी सईला शोधत मागे गेले, तर ती टेम्पोपाशी उभी! उस्मानचाचा घोडे चढवत होते. राणी, टायगर, सुलतान. ओळीने तिघं, तिघांच्या कपाळावर तोच चट्टा. "चल, शू करून येऊ" म्हणायची वेळ कधीच निघून गेली होती.

पालकत्वाचे व्हिडिओ बघून मी भाषण पाठ करून ठेवलं होतं. मुलांच्या उंचीला या, डोळ्यांत बघा, सोप्या शब्दांत बोला. मी मातीत गुडघ्यांवर बसले.

"सई, आईला तुला एक खरं सांगायचंय. आईने आधीच सांगायला हवं होतं. ढगोबा ना... ढगोबा म्हणजे एकच घोडा नव्हता. हे तिघं मिळून ढगोबा झाले होते. सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी तुझ्याशी खोटं बोलले गं. सॉरी."

तिने आधी टेम्पोकडे बघितलं. मग वळून लांब खुर्चीवर केक खात बसलेल्या देवदत्तसरांकडे बघितलं. मग पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आई, हळू बोल ना! देवदत्तकाकांना अजून कोणी सांगितलेलं नाहीये. त्यांना वाटतं, एकच आहे."