उखाण्याची चौथी ओळ

माझ्या बायकोने रचलेल्या एका उखाण्याच्या चारपैकी तीन ओळी मला पाठ आहेत. चौथी तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, कारण ती मी बोलू दिली नाही.

नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. शेळगावला तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. आम्ही कन्हेरीहून दोन दिवस आधी गेलो. त्याच्याही आधी आठ दिवस ती डाळिंबाच्या बागेत खुरपताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मी जवळ गेलो की गप्प व्हायची. नाव घ्यायला तिला पाठ केलेले उखाणे चालत नसत. दर वेळी ती नवा रचायची, आणि माहेरच्या बायका त्यासाठी तिची वाट बघायच्या.

माझ्या सासऱ्यांचं घर पूर्वी मेंढरांवर चालायचं. दिवाळी झाली की ते कळप घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडाला परत. पुढे कालव्याचं पाणी आलं, माळ उसाखाली गेले, चरायला जागा उरली नाही. आमच्या लग्नापर्यंत त्यांनी बहुतेक मेंढरं विकली होती. साखरपुड्याला गेलो तेव्हा वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, राहिलेली मी सहज मोजली. बेचाळीस भरली. खात्री करायला पुन्हा मोजली.

तर लग्नाच्या दुपारी पंगती उठल्यावर बायकांनी नव्या नवरीला नाव घ्यायला लावलं आणि मग मोर्चा आमच्याकडे वळवला. मला शेजारी बसवलं, हिच्या हातात जिलेबीचा तुकडा दिला. नाव घेऊन मला घास भरवायचा होता. तिची मावशी म्हणाली, "बाई, आता लाजू नगंस. तुझं ऐकायला मी लोणी भापकरवरनं आलीय." सासरे खांबाला टेकून बसले होते. तेही पुढे सरकले. हिने आधी त्यांच्याकडे बघितलं आणि सुरू केलं,

"आबांची मेंढरं सातशे, माळ दिसायचा काळा,
एक कोकरू मागं राहिलं तरी दाटायचा गळा;
तेच कोकरू मी, दिलं कन्हेरीला ज्यांच्या हाती..."

आणि ती थांबली. नावाच्या आधी बाई थांबतेच, तो रिवाजच आहे. मावशीने पदर डोळ्याला लावला होता. त्या थांब्यात मी म्हणालो, "सातशे कुठली? बेचाळीस होती. मी मोजलीत."

चूक दिसली की बोलायची मला सवय. माणसं हसली. मलाही वाटलं, गंमत झाली. सासरे हसले नाहीत. मान खाली घालून ते म्हणाले, "जावयबापू म्हणत्यात ते खरं हाय. बेचाळीसच व्हती." मग तंबाखूची चंची शोधत उठले आणि बाहेर गेले.

हिने जिलेबीचा तुकडा पत्रावळीवर ठेवला. बायकांनी पुष्कळ आग्रह केला. ती एवढंच म्हणाली, पुढचं विसरले.

परतीच्या बारामती गाडीत मी तिला समजावत होतो की आकडा चुकीचा असेल तर कुणीतरी सांगायलाच हवं. ती खिडकीतून बघत होती. शेवटी म्हणाली, "मी सात वर्षांची व्हते तवा सातशे व्हती. तुमी आला तवा बेचाळीस राहिली व्हती. इकल्यापास्नं आबांम्होरं कुणी मेंढराचं नाव काढत न्हवतं. मी काढलं व्हतं."

म्हणजे तिचा आकडा बरोबर होता. मी फक्त उरलेली मोजली होती.

पुढे दोनदा चौथी ओळ विचारली. दोन्ही वेळा तिने विसरले म्हणून सांगितलं. आठ दिवस घोळवलेली ओळ ती विसरली, हे मला पटलं नाही. हाती, माती, नाती, साथी. मीही यमकं जुळवून बघितली. ओळी होतात, पण तिच्या वडिलांनी माझ्या हाती दिलेल्या त्या कोकराचं पुढे काय झालं, हे मी कसं सांगणार? ते तिने सांगायचं होतं, आणि आबांना ऐकायचं होतं. त्यांच्याशी या विषयावर बोलायचं मी लांबवत गेलो. एका उन्हाळ्यात ते गेले.

त्याच वर्षी शेळगावला मेव्हण्याच्या मुलीचं बारसं झालं. पुन्हा बायका जमल्या, पुन्हा हिला नाव घ्यायला सांगितलं. मी मनाशी ठरवून बसलो होतो, सात हजार म्हणाली तरी तोंड उघडायचं नाही. तिने प्रत्येक लग्नात ऐकू येतो तसला एक उखाणा म्हटला, चांदीच्या ताटावाटीचा. माझं नाव जागच्या जागी आलं. मावशी पाळण्याची दोरी ओढत राहिली, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यात एकही आकडा नव्हता.